गारेचं पातं

भिंगारच्या शाळेत मुळे सरांची कंपासपेटी सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यात एक पितळी कंपास होता, झिजून सुपारीएवढे झालेले दोन खोडरबर होते आणि करंगळीएवढं लांब दगडाचं एक पातं होतं. दुधी रंगाचं, उजेडात धरलं तर आरपार दिसणारं, आणि मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत एक बारीक लाल शीर गेलेली. सर त्या पात्याने पेन्सिलीला टोक काढत. असं देखणं टोक, की शार्पनर वापरणाऱ्या पोरांना आपल्या पेन्सिलीची लाज वाटावी. "सर, हे कुणी केलं?" असं कुणी विचारलं की सर म्हणत, "नदीकाठी मिळालं," आणि घाईघाईने फळ्याकडे वळून फुलदाणी काढायला घेत.

ते खोटं होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत नृसिंह मुळ्यांनी मुलांना दुसरं काही खोटं सांगितल्याचं ऐकिवात नाही. पण पात्याचा विषय निघाला की ते न चुकता खोटं बोलत आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नसत.

या पात्याच्या नादाने त्यांची एक विद्यार्थिनी पुरातत्त्वाकडे वळली. भार्गवी तिचं नाव. चांगले मार्क पडणारी मुलगी माती उकरायला जाते म्हणून तिच्या आईवडिलांनी सरांना बरीच वर्षं माफ केलं नव्हतं. आता भार्गवी बत्तीस वर्षांची झाली होती आणि नेवाशाच्या पुढे प्रवरेच्या काठी तिचं पहिलं स्वतंत्र खोदकाम चालू होतं. जानेवारीत तिचा फोन आला. "सर, उद्याच्या उद्या या. फोनवर सांगण्यासारखं नाही."

सर निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. उद्या नाही तर परवा, त्यांना काय फरक पडत होता. पण बोलावणं नेवाशाचं होतं. साठ किलोमीटरवरचं गाव, आणि चाळीस वर्षांत ते तिकडे एकदाही फिरकले नव्हते. लग्नकार्याची आमंत्रणं आली, पोथीच्या पारायणाला बोलावणं आलं, दर वेळी सरांची कंबर नेमकी त्याच आठवड्यात धरायची. या वेळी भार्गवीला नाही म्हणता आलं नाही. कंपासपेटी शबनम पिशवीत टाकून त्यांनी सकाळची एसटी धरली.

नदीच्या वरच्या अंगाला उंचवट्यावर चर खणले होते. भार्गवी धावतच आली, उन्हाने रापलेली, कोपरापर्यंत मातीने भरलेली. तिने सरांना पाणीसुद्धा विचारलं नाही. सरळ एक प्लास्टिकचा ट्रे पुढे केला.

"कारखाना सापडलाय, सर. दगडाची पाती काढण्याचा. एका खड्ड्यात सगळा माल. तीन हजार वर्षांपूर्वीचा तरी असणार."

ट्रेमध्ये पांढऱ्या गारेच्या, म्हणजे गारगोटीच्या दगडाच्या, शेकडो कपच्या होत्या आणि त्यांच्यात सहा पाती वेगळी मांडून ठेवलेली. दुधी रंगाची, जराशी गुलाबी झाक मारणारी. दोन-तीन पात्यांत एक बारीक लाल शीर होती.

सरांनी ट्रे खाली ठेवला. ती शीर त्यांनी ओळखली. तो खड्डा त्यांनी स्वतः खणला होता, एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या शिमग्याच्या आधी चार दिवस.

"ऐका ना सर," भार्गवी म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत वाचायचा निबंध तिच्या वहीत तयार होता, आणि शाळेत निबंध वाचून दाखवायची तसाच तिने तो वाचला. "या कारागिराचा हात असामान्य आहे. पात्यामागून पातं दोरी धरल्यासारखं सरळ निघालं आहे आणि एकही वार वाया गेलेला नाही. दख्खनमध्ये इतका नेमका हात आजवर माझ्या पाहण्यात नाही."

सरांना त्या क्षणी काय वाटलं ते सांगायला हवं. त्यांना आनंद झाला. निव्वळ, निलाजरा आनंद. ज्या हाताचं हे कौतुक चाललं होतं, तो हात त्यांनी पाहिला होता, आणि कुणीतरी एकदाचं ते कागदावर लिहिलं होतं. गप्प बसावं, पुण्याला जाऊन टाळ्या वाजवाव्यात, असंही मिनिटभर वाटलं. मग त्यांनी भार्गवीच्या तोंडाकडे पाहिलं. उद्या ना परवा कुणीतरी हे शोधून काढणारच, आणि मग ही पोर आयुष्यभर सगळ्यांच्या थट्टेचा विषय होणार.

"भार्गवी, हे तीन हजार वर्षांचं नाही," ते म्हणाले. "चाळीस वर्षांचं आहे. इथे खोदकामाचा कॅम्प होता तेव्हा आम्ही दगड फोडून बघायचो, जुनी माणसं कशी फोडत असतील म्हणून. गुरांच्या खुरात कपच्या जायला नकोत, म्हणून कचरा खड्ड्यात पुरायचो."

भार्गवीने वही मिटली. बोलली तेव्हा तिचा आवाज बदलला होता.

"सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. दगड फोडला की कचऱ्यात त्या सालाचं नाणं टाकायचं, म्हणजे पुढे खणणारा फसत नाही. शाळेच्या मैदानावर खडू फोडला तरी तुम्ही आम्हाला नाणं टाकायला लावायचात. मग इथलं नाणं कुठे आहे?"

"मी टाकलं होतं. दहा पैशांचं. या हाताने."

"आम्ही या खड्ड्याची चिमूटभर मातीसुद्धा चाळल्याशिवाय सोडली नाही. नाणं नाही. बांगडीचे दोन तुकडे निघाले, ते उंदराच्या बिळातून वरून आलेले. तुम्ही म्हणता म्हणून मी निबंध मागे घेऊ? मला पुरावा द्या, सर."

पुरावा शबनममध्येच होता. कंपासपेटी उघडून ते पातं ट्रेमधल्या पात्यांशेजारी ठेवलं असतं, तरी शिरेला शीर जुळली असती. सरांचा हात शबनमपर्यंत गेला आणि परत आला. ते पातं आधी दुसऱ्या कुणालातरी दाखवायचं होतं, आणि त्याचीच त्यांना चाळीस वर्षं भीती वाटत आली होती.

"हे काम माझं नाही," ते म्हणाले. "चांगुणाबाई म्हणून आहेत. त्यांच्याकडे जाऊ."

चांगुणाबाईंची वस्ती तिथून दोन मैलांवर होती. भार्गवीने ट्रे मांडीवर घेतला आणि जीपमध्ये वाटभर ती खिडकीबाहेर बघत बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. सरांच्या वेळी इथे ज्वारी असायची आणि कॅम्पवरची माणसं संध्याकाळी हुरडा खायला जायची.

तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. खोदकामात निघालेल्या हत्यारांची चित्रं काढायला त्यांना ठेवलं होतं. चांगुणा बावीसची, मातीची घमेली वाहायला येणारी. कॅम्पचे मोठे सर दुपारच्या सुट्टीत नृसिंहाला दगड फोडायला बसवत आणि नृसिंह बोटं फोडून घेई. दोन दिवस तिने बाभळीखाली भाकरी खात खात ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मास्तर, सुंठ कुटल्यावानी काय कुटताय. द्या हिकडं."

तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाजारात मडकं वाजवून घेतात तशी ती नदीतली गार वाजवून घ्यायची. चिरकी निघाली की फेकून द्यायची. चांगली गार घरी नेऊन रात्रभर गोवऱ्यांच्या राखेत भाजायची, म्हणजे दगड मऊ येतो असं तिचं म्हणणं. मोठ्या सरांनी ते ऐकून वहीत लिहून घेतलं होतं. मग सकाळी हातातल्या बांगड्या काढून पदरात बांधायच्या आणि बसायचं. आधी गोट्याने एक कपची डावीकडून, एक उजवीकडून अशी काढत दगडावर नागमोडी धार उभी करायची. मग सांबरशिंगाचं टोक त्या धारेच्या माथ्यावर ठेवून अंगाचा सगळा भार एकदम द्यायचा. धार सुटून यायची आणि तिच्या मागे दोन सरळ रेघा राहायच्या. पुढची पाती त्या रेघा धरून एकामागून एक निघायची. प्रत्येक पात्याला बारीकसा आवाज असायचा आणि तो आला की चांगुणा मान वर करून हसायची. नृसिंह चित्रं काढायचा. पौषापासून शिमग्यापर्यंत हे चाललं. त्याच्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते. पुढे त्याचं लग्न झालं, नोकरी लागली, मुलगी झाली, सगळं चांगलंच झालं, तरी हे वाक्य त्याने मनातल्या मनात कधी बदललं नाही.

लाल शिरेची गार शेवटच्या आठवड्यात सापडली. तिची सात पाती निघाली. पाचव्या पात्यात शीर बरोबर मधोमध आली, आणि चांगुणा ते हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. "शिमग्याला म्हायेरी अकोल्याला जानार हाय मी. आमच्या आबाला दावीन. त्याला वाटतंय पोरगी नुसती माती उचलती," ती म्हणाली. मग कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठून गेली. नृसिंहाने पातं उचललं, चित्र काढायला म्हणून, आणि चित्र काढून झाल्यावर सदऱ्याच्या खिशात ठेवलं. परत ठेवायचं असं तो ठरवत होता, तोवर ती आली आणि शोधायला लागली.

तिने सगळ्या कपच्या हातांनी उपसून काढल्या. बोट कापलं, त्याला पदर गुंडाळून पुन्हा उपसल्या. नृसिंह तिच्याबरोबर शोधत होता. खिशात पातं घेऊन तो तासभर तिच्याबरोबर शोधत होता. दर मिनिटाला काढून देणं आणखी अवघड होत गेलं, आणि शेवटी अशक्य झालं. चार वाजता तिने हात झाडले आणि म्हणाली, "जाऊं द्या, माझाच येंधळेपना." दोघांनी उरलेल्या सहा पात्यांसकट कचरा पुरला. नृसिंहाने वर दहा पैसे टाकले. आठ दिवसांत कॅम्प उठला.

वस्तीवर चांगुणाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. केस पांढरे झाले होते, पण सूप धरण्याची ढब तीच होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोन, मास्तर व्हय? लई दिवसांनी वाट चुकला." त्यांनी आत हाक मारली. "रुपाली, च्या ठिव गं. कॅम्पातलं मास्तर आल्यात."

सून चहा टाकायला गेली. भार्गवीने ट्रे पुढे ठेवला. चांगुणाबाईंनी एक कपची उचलून अंगठ्याने चाचपली आणि त्यांच्या तोंडावर हसू पसरलं.

"आगं बया. ही तर माझी गार."

भार्गवीने खाली पाहिलं. मग तिने विचारलं, "पण आजी, त्यात नाणं का नव्हतं? सर म्हणतात त्यांनी टाकलं होतं."

"टाकलं हुतं की. तेंनी पाठ फिरवली आन मी काढून घेतलं." चांगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "खड्डा हुता तो बांध आमच्या भाऊजींचा. आमचं तेंचं बोलनं बंद हुतं तवा. उद्या नांगराला पुरलेलं नानं लागलं असतं, तर करनी केली म्हनून माझ्या नावानं गावभर बोंब झाली असती. मास्तरला हे कुठं ठाव असनार. पन मोठं सर म्हनायचं ना, आताची कायतरी वस्तू टाकायची? म्हनून त्याच दिशी वाढलेली बांगडी टाकली. बांगडीच्या तुकड्याला कोन करनी म्हनतंय."

"हिरवी?" भार्गवीने विचारलं.

"हिरवीच की."

भार्गवीने डोळे मिटून घेतले. उंदराच्या बिळाचं वाक्य तिच्या निबंधात तळटीप म्हणून होतं.

"आणि त्या नाण्याचं काय केलंत?" सरांनी विचारलं. नोकरीभर ते पोरांना नाणं टाकायला शिकवत आले होते.

"थोरल्याला गोळी घिऊन दिली."

सरांना हसू आलं. भार्गवीलाही आलं असतं, पण ती अजून कामातच होती. तिने विचारलं, पाती काढून झाल्यावर मधला जो गाभा उरतो तो कुठे गेला, कारण खड्ड्यात तो नव्हता. पाती त्याला जुळली तर शंकेला जागाच उरणार नाही.

चांगुणाबाईंनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहून आवाज उतरवला. "गाभा हाय. पन तो आता देव झालाय."

झालं होतं असं. तो गाभा त्यांनी आठवण म्हणून ओटीत बांधून घरी नेला. बोटभर उंच, वर निमुळता, अंगावर उभ्या रेघा. सासूबाईंनी लुगडं झटकताना तो पाहिला, दोन्ही हात जोडले आणि नदीने महादेव दिला म्हणून तो देव्हाऱ्यात बसवला. सुनेची बोलायची छाती झाली नाही. सासूबाई गेल्या, पण दर सोमवारचं बेलपान चालूच राहिलं. चाळीस वर्षं रोज पाणी घालून चांगुणाबाईंनाही तो देवच वाटायला लागला होता.

"आई, म्हंजे महादेव तुमी बनवलाय?" चहाचे कप घेऊन रुपाली दारात उभी होती.

"बनवला न्हाई. उरला," चांगुणाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, हातपाय धुतले, आत जाऊन देवाला नमस्कार केला आणि गाभा पदरात घेऊन आल्या. रुपालीने न सांगताच खाली धुतलेलं ताट ठेवलं.

भार्गवी जुळवायला बसली. एक पातं लागेना, दुसरं लागेना. चांगुणाबाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि ट्रे स्वतःकडे ओढला. चष्मा न लावता त्यांनी एकेक पातं बोटांनी चाचपलं, उलटं केलं आणि गाभ्याला टेकवलं. ते बसलं. दुसरं बसलं. सहाही पाती बसली, आणि ती लाल शीर एका पात्यातून दुसऱ्या पात्यात जात गाभ्याभोवती फिरली. समोरच्या बाजूला मात्र एक उभी फट राहिली, करंगळीएवढी.

"इथलं एक नाही," भार्गवी म्हणाली. "खड्ड्यात मिळालं नाही."

"ते न्हाई घावायचं," चांगुणाबाई म्हणाल्या. "ते तवाच हरवलं. लई हुडकलं आमी."

सरांनी शबनममधून कंपासपेटी काढली. त्यांनी झाकण उघडलं. भार्गवीने पातं पाहिलं आणि ती बघतच राहिली, कारण लहानपणापासून तिने ते रोज पाहिलं होतं. एक कड पेन्सिलीच्या शिशाने काळी झालेली. सरांनी वाकून ते फटीत ठेवलं. ते बसताना बारीकसा आवाज झाला.

चहावर साय धरली.

"तुमी बी हुडकत हुता की माझ्याबरूबर," चांगुणाबाई शेवटी म्हणाल्या.

"हो. खिशात घालून शोधत होतो."

"मला वाटायचं, मीच कुठं टाकलं. इतक्या वर्सांत कवाबी आठवलं की मी माझ्याच हाताला बोल लावायची." त्या पात्यावरून अंगठा फिरवत होत्या. "आबाला दावायचं ऱ्हाऊनच गेलं. तो त्याच साली गेला."

सरांनी मान खाली घातली. "चुकलं माझं, चांगुणाबाई. इतकं चांगलं काही मी पाहिलं नव्हतं. हातातून सोडवेना. त्याच दिवशी सांगायला हवं होतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी, नाहीतर त्या चाळीस वर्षांत कधीही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदराचं टोक ओलं करून पात्याची काळी कड घासायला घेतली. जराशी निघाली, बाकीची मुरलेली होती. मग त्या भार्गवीला म्हणाल्या, "तुझं काम बुडालं ना पोरी?"

"बुडालं," भार्गवी म्हणाली. मग तिने गाभ्याकडे पाहिलं. "हे दुसरं काम निघालं."

"काय लिवलंय आमच्याबद्दल, वाच की."

भार्गवीने वही उघडली. पेन काढून तिने एका ओळीत खाडाखोड केली आणि मग वाचलं. "चांगुणाबाईंचा हात असामान्य आहे. पात्यामागून पातं दोरी धरल्यासारखं सरळ निघालं आहे आणि एकही वार वाया गेलेला नाही. दख्खनमध्ये इतका नेमका हात आजवर माझ्या पाहण्यात नाही."

चांगुणाबाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्या मान वर करून हसल्या. सरांना ते हसू ओळखायला वेळ लागला नाही.

पातं चांगुणाबाईंनी परत दिलं नाही. गाभ्याला लावूनच ते देव्हाऱ्यात जाणार होतं, आणि सरांनी मागितलंही नाही. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या.

"आज राखंत एक गार घालून ठिवते. उद्या या."

"माझा हात कापतो हल्ली," सर म्हणाले.

"तुमचा तवा बी कापत हुता. या तुमी. आन ह्या सालाचं नानं आना. आता भाऊजी न्हाईत, कुनी बोंब मारनार न्हाई."

नेवाशाच्या स्टँडवर सरांनी चहाच्या टपरीवर शंभराची नोट मोडली आणि सगळी चिल्लर द्या म्हणून सांगितलं. टपरीवाल्याने त्यांच्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. बाकावर बसून त्यांनी एकेक नाणं उलटं करून साल वाचलं. सगळी जुनी होती. एसटीत कंडक्टरकडची बघू, असं म्हणून त्यांनी चिल्लर कंपासपेटीत टाकली, जिथे सकाळपर्यंत पातं होतं.